वीस गावांचा एक मिस्त्री: नळयोजना चालवण्याचं कौशल्य तालुक्यात कसं उभं राहतं

गावात नळयोजना झाली की उद्घाटनाला सगळे असतात. दुसऱ्या दिवसापासून ती योजना एका माणसाच्या हातात जाते. पाणी सोडणारा, व्हॉल्व्हवाला, पाणीपुरवठा कर्मचारी, नाव काहीही असो, मोटर चालू करणं, टाकी भरणं, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लिचिंग पावडर) टाकणं, आळीआळीने व्हॉल्व्ह फिरवणं, फुटलेली लाइन जोडणं आणि लोकांचं बोलणं खाणं ही सगळी कामं त्याचीच. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं आणि माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळाने, हे उद्दिष्ट ठरलं. पाइप, टाक्या, मोटरी गावोगाव आल्या. त्या चालवणाऱ्या हातांचं शिक्षण मात्र त्या वेगाने झालेलं नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे तालुक्याच्या सभागृहात दोन दिवसांचं प्रशिक्षण, फाइल, पेन, जेवण आणि प्रमाणपत्र. त्याने फारसं बदलत नाही, कारण अडचण आकड्यांची आहे. समजा एका गावात मोटर दोन वर्षांतून एकदा जळते. त्या गावच्या कर्मचाऱ्याला दोन वर्षांत एकच मोटर उघडलेली दिसणार. अशाने कोणाचाही हात बसत नाही. तेच वीस गावं एकत्र धरली तर वर्षाला दहा मोटरी होतात. दहा मोटरी हाताखालून गेलेला माणूस आवाजावरून सांगतो की बेअरिंग गेलंय की फेज उडालाय. क्वचित लागणारं कौशल्य एका गावात टिकत नाही, वीस गावांत टिकतं. गावांनी एकत्र येण्यामागचं मुख्य कारण एवढंच आहे.

कुठलं काम गावात, कुठलं वीस गावांत

सुरुवात कामांच्या वाटणीपासून करायची. रोज लागणारं काम गावातच राहिलं पाहिजे: क्लोरिनची मात्रा, व्हॉल्व्हचं वेळापत्रक, मोटरचा अँपिअर पाहणं, नोंदवही, लहान गळती. यासाठी बाहेरच्या माणसाची वाट पाहायची वेळ आली तर योजना बंद पडलीच म्हणून समजा. महिन्या-दोन महिन्यांतून लागणारं काम, म्हणजे स्टार्टरची दुरुस्ती, एअर व्हॉल्व्ह उघडून साफ करणं, शेवटच्या घरापर्यंत दाब का पोचत नाही ते शोधणं, हे सगळ्या गावांनी मिळून ठेवलेल्या फिरत्या मिस्त्रीने गावच्या माणसाला सोबत घेऊन करायचं. बोअरमधून मोटर काढणं, एचडीपीई (काळ्या चिवट प्लॅस्टिकच्या) लाइनचा मोठा जोड, विहिरीतला गाळ, टाकीची गळती ही वर्षातून एखाद वेळची कामं. त्यांना अवजारंही महाग लागतात, म्हणून माणूस आणि अवजार दोन्ही सामाईक हवेत.

वीस हा आकडा काटेकोर नाही. फिरता मिस्त्री दुचाकीवर तासाभरात कुठल्याही गावात पोचला पाहिजे, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरचा घेर. सह्याद्रीच्या घाटात एका मिस्त्रीला कमी गावं झेपतील, मराठवाड्याच्या सपाटीवर जास्त.

क्लोरिन: रोजचं काम, रोजची चूक

प्रत्येक गावच्या माणसाला पक्कं यायलाच हवं असं कौशल्य एक निवडायचं तर ते क्लोरिनचं. ब्लिचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल, ताजी असताना तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. पावडर दिसायला पांढरीच राहते, वासही येतो, पण जोर गेलेला असतो. म्हणून ‘रोज एक डबा’ हा हिशेब फसतो.

हिशेब असा करायचा. टाकी 50,000 लिटरची आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचा, तर 100 ग्रॅम क्लोरिन लागला. ताज्या 33 टक्क्यांच्या पावडरीचे त्यासाठी सुमारे 300 ग्रॅम पुरतात. पावडर 20 टक्क्यांवर आली असेल तर 500 ग्रॅम लागतात. पोत्याची ताकद प्रयोगशाळेतून कळते, पण एकट्या गावाने दर पोत्याचा नमुना पाठवणं होत नाही. वीस गावांनी टीसीएल एकत्र घेतली तर एका खेपेचा एकच नमुना तपासून सगळ्यांना आकडा कळवता येतो. शिवाय खरेदी दोन महिन्यांना पुरेल एवढीच करायची. वर्षाचं पोतं एकदम घेऊन ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ठेवलं की मार्चमध्ये उरतो तो चुना.

टाकण्याची पद्धतही शिकवावी लागते. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवायची, मग बादली भरून ढवळायची, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायची आणि वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची. तळाचा चुना टाकीत गेला तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो आणि व्हॉल्व्ह घट्ट लागत नाही. निवळ सोडल्यावर किमान अर्धा तास पाणी टाकीत थांबलं पाहिजे. सकाळी घाई असते, म्हणून अनेक ठिकाणी टाकी भरता भरताच व्हॉल्व्ह उघडला जातो. पहिल्या आळीला वासाचं पाणी आणि शेवटच्या आळीला काहीच नाही, ही तक्रार बहुधा त्यातूनच येते.

खरी परीक्षा शेवटच्या नळावर. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरला पाहिजे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावण टाकून पिवळा रंग पाहण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तिच्यातला बारकावा फार थोड्यांना. मुक्त क्लोरिन पाहायचा तर रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. नळी हातात धरून गप्पा मारत पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग गडद होतो, कारण दुसऱ्या पदार्थांशी जुळलेला क्लोरिनही त्यात मोजला जातो, आणि नसलेली सुरक्षितता वहीत नोंदली जाते. शिवाय ओटीचं द्रावण शरीराला घातक आहे. ते कातडीला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या त्याहून बऱ्या.

जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना फील्ड टेस्ट किट, म्हणजे गावातच पाणी तपासायची पेटी, वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. ही व्यवस्था दोन कारणांनी मोडते. किटमधल्या द्रावणांची मुदत संपते आणि नवी येत नाहीत. दुसरं म्हणजे, तपासणी करणाऱ्या बाईला शेवटच्या नळावर शून्य दिसलं तरी ते पाणी सोडणाऱ्यापर्यंत त्याच दिवशी पोचत नाही. आकडा पोर्टलवर चढतो, मात्रा तीच राहते. गटाने एक साधा नियम करावा: शून्य आलं की आधी पाणी सोडणाऱ्याला फोन, नंतर नोंद. आणि सगळ्या गावांच्या द्रावणांच्या मुदतीची यादी पाणी-तपासणीचं काम पाहणाऱ्या एका व्यक्तीकडे ठेवावी.

मोटर का जळते

मोटर जळण्याचा दोष लोक विजेला देतात. वीज कारणीभूत असतेच, पण मोटर वाचवणारी वस्तू स्टार्टरच्या पेटीत आधीपासून बसवलेली असते आणि बहुतेक वेळा माणसाने ती निकामी केलेली असते.

विजेचा दाब कमी झाला की मोटर जास्त अँपिअर ओढते, तापते. एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर भार येतो आणि काही मिनिटांत वाइंडिंग काळं पडतं. यासाठी जास्त प्रवाह गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले आणि एक फेज गेला की ती बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. रिले वारंवार पडायला लागला की लोक ओरडतात, मग कर्मचारी रिलेचा काटा वर सरकवतो किंवा प्रिव्हेंटरला वायर मारून बगल देतो. पाणी येतं. पंधरा दिवसांनी मोटर जाते.

एक चूक शिकलेल्या वायरमनकडूनही होते, म्हणून ती जवळून पाहू. साधारण साडेसात अश्वशक्तीच्या वरच्या मोटरींना स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, म्हणजे मोटर आधी कमी दाबावर सुरू करून मग पूर्ण दाबावर नेणारा. 15 अश्वशक्तीच्या मोटरच्या पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह समजा 21 अँपिअर लिहिलाय. या स्टार्टरमध्ये रिले बहुधा अशा जागी असतो की त्यातून लाइनचा पूर्ण प्रवाह न जाता त्याचा 58 टक्के जातो. म्हणजे काटा 21 गुणिले 0.58, सुमारे 12 अँपिअरवर हवा. पाटी वाचून कोणी तो 21 वर लावला, तर लाइनमध्ये 36 अँपिअर गेल्याशिवाय रिले पडणार नाही. तोवर मोटरचा धूर निघालेला असतो. वीस गावांच्या पेट्या एका महिन्यात उघडून काटे नीट लावले आणि प्रत्येक दारावर आतून खडूने योग्य आकडा लिहिला, तर या एका कामाने गटाचा पहिल्या वर्षाचा खर्च वसूल होऊ शकतो.

गावच्या माणसाने रोज करायचं ते एवढंच: टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरायच्या मीटरने, तिन्ही फेजचे अँपिअर पाहायचे आणि वहीत लिहायचे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक वेगळा पडायला लागला की फिरत्या मिस्त्रीला कळवायचं. अँपिअर नेहमीपेक्षा खूप उतरले तर पंप हवा ओढतोय किंवा विहिरीची पातळी खाली गेलीय. पाण्याशिवाय फिरलेला पाणबुडी पंप लवकर निकामी होतो, तेव्हा ताबडतोब बंद करायचा. मोटर बंद पडल्यावर ती काढायची की नाही हे मिस्त्री मेगरने, म्हणजे वाइंडिंगचं रोधन (इन्सुलेशन) मोजणाऱ्या यंत्राने, ठरवतो. रोधन एक मेगाओहमच्या खाली असेल तर बाहेर काढायची. हे न पाहताच चेन-पुली लावून तीनशे फुटांवरची मोटर काढायची आणि मग दोष वरच्या केबलच्या जोडात निघायचा, असे दिवस अनेक गावांनी वाया घालवलेत.

आणखी एक गोष्ट. वीज येण्याची वेळ ठरलेली नसेल तिथे लोक ‘ऑटो’, म्हणजे मोटर आपोआप सुरू करणारं बटण, लावून ठेवतात. वीज आली की परिसरातल्या सगळ्या मोटरी एकदम उचल घेतात आणि नेमका तेव्हाच विजेचा दाब कोसळतो. ऑटोला काही मिनिटांचा विलंब लावता येतो. शेजारच्या गावांनी तो वेगवेगळा लावला तर सगळ्यांच्या मोटरी वाचतात. एकट्या गावाला हे जमत नाही.

गळती आणि सायकलची ट्यूब

फुटलेल्या लाइनवर सायकलची ट्यूब आवळून बांधणं ही महाराष्ट्रातली सर्वांत सामान्य दुरुस्ती. पाणी चालू असताना ती ठीक दिसते. पण आपल्याकडे पाणी दिवसाला तास-दोन तास येतं, काही गावांत दोन-तीन दिवसांनी. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत जातं. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की आरोग्य सेवक आधी व्हॉल्व्हचे खड्डे आणि गटारालगतचे जोड पाहतो, ते यामुळे.

पीव्हीसीचा जोड सोल्व्हंट सिमेंटने होतो, पण पाइप कोरडा हवा, टोक तासून पुसलेलं हवं, किती आत जाणार त्याची खूण केलेली हवी आणि दाब देण्याआधी पुरेसा वेळ मिळायला हवा, शक्यतो दिवसभराचा. एचडीपीईला मात्र हे सिमेंट चिकटतच नाही. नव्या योजनांत एचडीपीई भरपूर आहे आणि जुन्या हातांना पीव्हीसीची सवय, म्हणून इथे खूप नुकसान होतं. एचडीपीई जोडायला दोन्ही टोकं रंधून समोरासमोर शिकंज्यात धरतात, 210 ते 220 अंशांच्या तव्यावर तापवतात, तवा काढून लगेच दाबतात आणि थंड होईपर्यंत तसंच दाबून ठेवतात. थंड व्हायच्या आत शिकंजा सोडला, टोकाला धूळ राहिली किंवा जनरेटरचा दाब कमी असल्याने तवा पुरता तापला नाही, तर जोड बाहेरून देखणा होतो आणि महिन्याभरात सुटतो. हे यंत्र वीस गावांत एकच पुरे. पण ते चालवणारे दोघे हवेत, एक रजेवर असताना दुसरा असावा म्हणून.

गळती शोधायला मात्र यंत्र लागत नाही, टाकी आणि मोजपट्टी पुरते. पाच मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ 200 लिटर. रात्री सगळ्या नळांच्या तोट्या बंद असताना टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून दोन तास पातळी पाहायची. दहा सेंटिमीटर उतरली तर तासाला हजार लिटर कुठेतरी जातंय. मग एकेक आळीचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि उतार कुठे थांबतो ते पाहायचं.

जगात हे कुठे चाललंय

ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा नावाचं दुष्काळी राज्य आहे. तिथे 1996 साली सोब्राल शहराच्या परिसरात गावांच्या पाणी-संस्थांनी मिळून ‘सिसार’ नावाचा संघ काढला आणि पुढे खोऱ्याखोऱ्यांत असे संघ झाले. गावचा ऑपरेटर गाव निवडतं. रोजचं चालवणं आणि मीटर वाचणं त्याचं. मोठी दुरुस्ती, रसायनं, बिलं आणि ऑपरेटरचं शिक्षण संघाचं. गावाकडे मालकी राहते, पण अवघड काम आलं की गाव एकटं पडत नाही. आपल्या मातीला हा नमुना सर्वांत जवळचा वाटतो.

अमेरिकेत ‘सर्किट रायडर’ असतात. ठरलेल्या छोट्या गावांच्या फेऱ्या मारणारा अनुभवी माणूस गावच्या ऑपरेटरला त्याच्याच पंपघरात शिकवतो. जर्मनीत सांडपाणी केंद्रांचे कर्मचारी ‘शेजार’ गटांत बांधलेले असतात. ते आळीपाळीने एकमेकांच्या केंद्रावर भेटतात आणि आपापले आकडे शेजाऱ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहतात.

तालुक्यात कसं बांधायचं

माणसं आणि संस्था आपल्याकडे आहेत. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे उपअभियंते तालुक्यात असतात. नाशिकला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था आहे. बहुतेक तालुक्यांत शासकीय आयटीआय आहे आणि वीजतंत्री, जोडारी, नळकारागीर असे व्यवसाय तिथे शिकवले जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरी-बोअरची माहिती आणि प्रयोगशाळा आहेत. केंद्राच्या ‘नल जल मित्र’ उपक्रमात एकाच माणसाला नळ, मोटर, गवंडीकाम शिकवण्याची कल्पनाही आहे. उणीव आहे ती या सगळ्यांना एका वेळापत्रकात बांधणाऱ्या गटाची.

शिकवायचं सभागृहात नको, पंपघरात. महिन्यातून एकदा एका गावी सगळे जमावेत आणि विषय ऋतूप्रमाणे असावा. मे महिन्यात टाकी धुणं आणि टीसीएलचा साठा, जूनमध्ये गढूळ पाण्याची मात्रा, पाऊस ओसरल्यावर स्टार्टर आणि पंपाची गळती थांबवणारी ग्लँडची दोरी, हिवाळ्यात गळती. वेळ सकाळी अकराची, कारण तोवर पाणी सोडून झालेलं असतं. आलेल्याला त्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यायलाच हवा. यातले कित्येक अर्धवेळ मानधनावर असतात, दुपारी दुसऱ्याच्या शेतात जातात. मजुरी बुडवून शिकायला या, असं त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. परीक्षा लेखी नको, करून दाखवायची असावी: ताकद माहीत नसलेली टीसीएल आणि टाकी द्यायची, शेवटच्या नळावर 0.2 ते 0.5 आणून दाखव म्हणायचं.

दर गावात दुसरा माणूसही तयार हवा. पहिला आजारी पडला, शहरात कामाला गेला की योजनेचं सगळं ज्ञान त्याच्यासोबत जातं. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे बहुतेक गावांत एकाच डोक्यात असतं. ते आधी कागदावर काढून घ्यावं.

पैशाचं उदाहरण घेऊ. वीस गावं, सरासरी 250 नळजोड, म्हणजे 5,000 जोड. जोडामागे महिन्याला 12 रुपये धरले तर 60,000 रुपये. फिरत्या मिस्त्रीला 25,000, पाणी-तपासणी पाहणाऱ्या व्यक्तीला 15,000, प्रवास 8,000. उरलेले 12,000 सुट्या भागांच्या निधीत. वर्षाला 1 लाख 44 हजार होतात. त्यातून एक राखीव पंप, सामाईक चेन-पुली, मेगर आणि एचडीपीईचं यंत्र टप्प्याटप्प्याने होतं. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 30 टक्के भाग पिण्याच्या पाण्याच्या कामांसाठी बांधलेला होता. तशा निधीतून अवजारं घेता येतात. मिस्त्रीचा पगार मात्र पाणीपट्टीतूनच निघावा, कारण अनुदान थांबतं तेव्हा पहिला माणूस जातो.

वर्गणी दर महिन्याला ठरलेली असावी, बोलावण्यागणिक नको. बोलावण्याला पैसे लावले की गावं शेवटपर्यंत बोलावतच नाहीत आणि मिस्त्री फक्त जळालेल्या मोटरींच्या मागे धावतो.

गट मोडतात ते तंत्रामुळे क्वचितच. अवजार एका गावात अडकतं, सरपंच बदलतो आणि वर्गणी थांबते, किंवा एकाच दिवशी दोन गावांच्या मोटरी बंद पडतात आणि आधी कुठे जायचं यावरून वाद होतो. हे सगळं आधी लिहून ठेवता येतं. वर्गणीचा ठराव प्रत्येक ग्रामसभेत व्हावा, नुसत्या मासिक सभेत नको. अवजार नेताना आणि परत करताना सही आणि अनामत. दुरुस्तीचा क्रम टाकीत किती तासांचं पाणी उरलंय, दुसरा स्रोत आहे का, गावात दवाखाना किंवा आश्रमशाळा आहे का, यावर ठरावा, कोण कोणाच्या ओळखीचं यावर नाही. हा क्रम मिस्त्रीच्या खिशात छापील कागदावर असला म्हणजे त्याला कोणाच्या फोनला घाबरावं लागत नाही.

जिथे प्रादेशिक योजना आधीच आहे, जशी अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातली वान धरणावरची 84 खेडी योजना, तिथे गावं एकाच पाइपने जोडलेली असतात. वरच्या गावाने टाकीचा इनलेट व्हॉल्व्ह दोन फेरे जास्त उघडला तर टोकाच्या गावाला पाणी पोचत नाही. अशा ठिकाणी पहिलं सामाईक शिक्षण याच व्हॉल्व्हचं असावं. वरच्या आणि टोकाच्या गावांच्या कर्मचाऱ्यांनी एका दिवशी एकमेकांच्या टाकीवर उभं राहून, किती फेऱ्यांना तासाला किती सेंटिमीटर पाणी चढतं ते मोजावं आणि दोघांच्याही वहीत तोच आकडा लिहावा.